निवृत्त न्यायमूर्तींवर पुस्तिका काढायची आहे: अपिलातली कारकीर्द आणि रविवारचं टेबल कसं मांडावं?

वाचनालयाची_किल्ली (धागाकर्ता)

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर बाजूचे एक न्यायमूर्ती उच्च न्यायालयातून निवृत्त होऊन गावी राहायला आलेत. नाव इथे नको. दर रविवारी १० ते १ वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसतात, लोकांचे कागद बघतात, सल्ला देतात, पैसे घेत नाहीत. वाचनालय त्यांच्यावर ६४ पानी पुस्तिका काढतंय. आतापर्यंत अकरा लेख आलेत. अकराच्या अकरा लेखांत 'निःस्पृह', 'ऋजू' आणि 'न्यायदानाचं पवित्र कार्य'. एकातही एका निकालाचा नंबर नाही.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अपिलं चालवणाऱ्या न्यायमूर्तींचं काम सामान्य वाचकाला कळेल असं कसं लिहायचं? त्यांचे निकाल शोधायचे आणि तपासायचे कसे? आणि रविवारच्या टेबलाचं काम पुस्तिकेत असं कसं यावं, की दुसऱ्या गावाला ते वाचून तसंच टेबल सुरू करता येईल?

'थोर माणूस आहेत' एवढाच प्रतिसाद कृपया नको. तो मजकूर भरपूर आहे.

धारवाड_पीठ

आधी शब्द नीट करा. जिल्हा कोर्टातले ते न्यायाधीश, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातले ते न्यायमूर्ती. पत्रिकेत आणि बॅनरवर हे हमखास उलटं होतं. निवृत्तीनंतर 'माजी न्यायमूर्ती' लिहितात ते बरोबर वाटत नाही. 'न्यायमूर्ती (निवृत्त)' लिहा.

तारखा: उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतात, सर्वोच्चचे ६५ व्या. (उच्च न्यायालयाची मर्यादा १९६३ च्या १५ व्या घटनादुरुस्तीपर्यंत ६० होती, जुन्या लोकांबद्दल लिहिताना लक्षात ठेवा.) सरकारी नोकरासारखं महिनाअखेरपर्यंत थांबायचं नसतं, वाढदिवसाच्या आदला दिवस शेवटचा. पुस्तिकेत निवृत्तीची तारीख ३० किंवा ३१ आली असेल आणि जन्म महिन्याच्या मधला असेल, तर कुठेतरी चूक आहे.

नेमणुकीच्या बहुधा दोन तारखा मिळतील. आधी अतिरिक्त न्यायमूर्ती (राज्यघटनेचा अनुच्छेद २२४, जास्तीत जास्त दोन वर्षं), मग कायम. दोन्ही द्या. आणि ते वकिलीतून आले की न्यायिक सेवेतून, हे पहिल्याच पानावर यायला हवं. मुन्सिफ (खालच्या दिवाणी कोर्टाचा न्यायाधीश) म्हणून सुरुवात करून चढलेला माणूस आणि थेट बारमधून आलेला माणूस, दोघांची कामाची सवय वेगळी असते. पहिल्याने साक्षीदार स्वतः बघितलेले असतात, दुसऱ्याने ते उलटतपासात झोडलेले असतात.

निकाल शोधायला कर्नाटक उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर न्यायमूर्तींच्या नावाने शोध लागतो. हजारो निघतील, घाबरू नका. त्यातले बरेचसे दोन पानी आदेश असतात: मुदत दिली, तडजोड झाली, अपील मागे घेतलं. ते बाजूला काढा.

आपल्या भागाचं ओळखायची खूण म्हणजे नंबर. धारवाड पीठाचे खटले १००००१ पासून, कलबुर्गीचे २००००१ पासून. आरएफए १००…/२०१५ दिसला की धारवाड. अलीकडच्या निकालांवर तटस्थ उद्धरण (कोर्टाने स्वतः निकालाला दिलेला क्रमांक) असतं, त्यात 'केएचसी-डी' म्हणजे धारवाड. धारवाडला फिरतं पीठ जुलै २००८ मध्ये बसलं, ऑगस्ट २०१३ मध्ये कायम झालं. त्याआधी बेळगावची अपिलं बेंगळुरूला जायची आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेकडे. म्हणून आपल्या भागातले जुने दाखले 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' आणि 'आयएलआर बॉम्बे' या छापील निकालसंग्रहांत सापडतात. त्यानंतरचे 'आयएलआर मैसूर'मध्ये, आणि १९७३ ला राज्याचं नाव बदलल्यावर 'आयएलआर कर्नाटक'मध्ये.

फक्त_वाचक

आरएफए, आरएसए, एमएफए. ही अक्षरं पुस्तिकेत आली की माझ्यासारखा माणूस पान उलटतो. सोप्या मराठीत?

धारवाड_पीठ

आरएफए म्हणजे पहिलं अपील, दिवाणी प्रक्रिया संहिता कलम ९६. इथे वरचं कोर्ट सगळा पुरावा पुन्हा तपासतं. साक्षी, कागद, सगळं. वस्तुस्थितीवर शेवटचा शब्द बहुतेक वेळा इथेच पडतो.

आरएसए म्हणजे दुसरं अपील, कलम १००. इथे कोण खरं बोललं हा प्रश्न संपलेला असतो, फक्त कायद्याचा ठोस प्रश्न उरतो. १९७६ च्या दुरुस्तीपासून तो प्रश्न आधी लिहून काढावा लागतो, मग सुनावणी. प्रश्नच न लिहिता निकाल दिला तर सर्वोच्च न्यायालय प्रकरण परत पाठवतं. गावातल्या माणसाला वाटतं 'हायकोर्टाने माझं ऐकलंच नाही'. ऐकलं नाही कारण त्याचं म्हणणं साक्षीदाराबद्दल होतं आणि अपील दुसरं होतं.

एमएफए म्हणजे किरकोळ पहिलं अपील. नाव किरकोळ, पैसा मोठा. मोटार अपघाताची भरपाई (मोटार वाहन कायदा कलम १७३) आणि भूसंपादनाची भरपाई यात येते. आपल्याकडे धरणाखाली आणि रस्त्यात जमिनी गेल्या, त्यामुळे हा गठ्ठा मोठा.

पुस्तिकेत ही तीन वाक्यं एका चौकटीत टाका, पुढे नुसती अक्षरं वापरली तरी चालतील.

तळटीप

संपादनाबद्दल बोलतो. चाळीस निकालांची यादी छापू नका, कोणी वाचत नाही. सहा घ्या. प्रत्येकाला दीड पान.

निवडताना तीन चाळण्या लावा. पहिली, निकाल त्यांनीच लिहिलाय का? खंडपीठावर दोन नावं असतात, लिहिणारा एक असतो. निकालाच्या सुरुवातीला किंवा शेवटी ते कळतं. दुसऱ्याने लिहिलेल्या निकालावर फक्त सही असेल तर 'खंडपीठाचे सदस्य होते' एवढंच लिहा. दुसरी, तो टिकला का? सर्वोच्च न्यायालयात फिरला असेल तरी घेता येतो, पण फिरला हे लिहावं लागतं. गौरव अंकात हे लपवतात आणि मग एखादा तरुण वकील समारंभातच दाखवून देतो. तिसरी, शेजारच्या माणसाला त्यातलं भांडण कळतं का?

लिहायची पद्धत कायद्यानेच दिलेली आहे. संहितेच्या आदेश ४१, नियम ३१ प्रमाणे अपिलाच्या निकालात चार गोष्टी हव्यात: ठरवायचे मुद्दे, त्यावर निर्णय, त्याची कारणं, आणि खालचा निकाल बदलला तर मिळालेला दिलासा. तुमचं दीड पानही याच क्रमाने लिहा. 'कारणं' या भागाला अर्धी जागा द्या. न्यायमूर्तीची ओळख तिथेच असते. निकाल कोणाच्या बाजूने गेला यात नसते.

नमुना म्हणून एक प्रसिद्ध खटला घ्या, तुमच्या न्यायमूर्तींचा नाही, पण आपल्या बाजूचा वाटावा असा. गुरुपाद खंडाप्पा मगदूम विरुद्ध हिराबाई, सर्वोच्च न्यायालय, १९७८, निकाल सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांचा. दावा सांगलीच्या कोर्टातला. खंडाप्पा १९६० मध्ये वारले. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. प्रश्न एकच: बायकोचा हिस्सा किती? खालच्या कोर्टाने दिला १/२४. मुंबई उच्च न्यायालयाने दिला ७/२४, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

फरक कुठून आला? कायदा म्हणतो, माणूस मरण्याच्या क्षणाआधी वाटणी झाली असं समजा. खालच्या कोर्टाने ती कल्पना फक्त खंडाप्पांचा हिस्सा काढण्यापुरती वापरली: त्यांचा १/४, त्याचे सहा वारस, म्हणून प्रत्येकी १/२४. वरच्या कोर्टाने म्हटलं, वाटणी झाली असं एकदा मानलं की ती शेवटपर्यंत माना. मुंबई पंथाच्या हिंदू कायद्यात बाप-मुलांच्या वाटणीत बायकोलाही मुलाएवढा हिस्सा मिळतो. तो १/४ तिचा आधीच झाला. वर वारसा म्हणून १/२४. बेरीज ७/२४.

हे असं लिहिलं की अपिलाचं कोर्ट काय करतं हे कळतं. साक्षीदार तेच, जमीन तीच, फक्त एक कल्पना अर्ध्यावर सोडायची की शेवटास न्यायची, एवढाच वाद.

साखळी_३३_फूट

तळटीप, चांगलं सांगितलंत, पण अपूर्णांक छापू नका बघा. आमच्या भागात जमीन गुंठ्यात कळतीय.

समजा जमीन ४ एकर ८ गुंठे. (खटल्यातली नव्हे, हिशेबाला सोयीची.) ४ गुणिले ४० अधिक ८, म्हणजे १६८ गुंठे. १/२४ म्हणजे ७ गुंठे. ७/२४ म्हणजे ४९ गुंठे, १ एकर ९ गुंठे. सात गुंठ्यांवर म्हातारी जगत नाही, सव्वा एकरावर जगतीय. त्या अपिलाचं मोल असं दाखवा.

आणि खाली एक ओळ टाका, नाहीतर लोक आजही हाच हिशेब धरून बसतील. आज तेच कुटुंब असेल आणि बाप ९ सप्टेंबर २००५ (हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती लागू झाली तो दिवस) नंतर वारला असेल तर मुलीही जन्मानेच हिस्सेदार. वाटणीत सात जण: बाप, आई, दोन मुलगे, तीन मुली. बापाचा १/७ सहा जणांत. प्रत्येकाला १/७ अधिक १/४२, म्हणजे १/६. १६८ गुंठ्यांत २८ गुंठे प्रत्येकी, भाऊ असो की बहीण.

धारवाड_पीठ

हिशेब बरोबर. त्यात एवढं घाला: २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटणी होऊन गेली असेल तर ती उकरता येत नाही. आणि बाप २००५ च्या आधी वारला असला तरी मुलीचा जन्मसिद्ध हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयात विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला ठरलं. मात्र अशा ठिकाणी गणित वेगळं होतं, ते १/६ डोळे झाकून लावू नका.

सीमाभागाची खास गोम: कर्नाटकाने मुलींना हा हक्क आधीच, ३० जुलै १९९४ पासून दिला होता, महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून. दोन्हीकडे तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. एका घराची जमीन निपाणीला आणि कागलला असली की १९९४ ते २००५ मधल्या कागदांत दोन राज्यांचे दोन कायदे लागलेले दिसतात. तुमच्या न्यायमूर्तींनी असा एखादा खटला निकाली काढला असेल तर तो सहात घ्याच.

मोडीवाचक

१९५६ च्या आधीचे कागद ज्या निकालांत आहेत, तिथे एक चूक राहून जाते. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. म्हणजे मोडी कागद आधी देवनागरीत, मग इंग्रजीत, आणि आता तुम्ही तो निकाल वाचून पुन्हा मराठीत आणणार. तीन वेळा हात बदलले. शक्य असेल तर मूळ लिप्यंतर बघा.

नेहमी घसरण्याच्या जागा सांगतो. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम'चं 'कौम' करून त्याचा अर्थ जात असा लावलेला असतो आणि बाई कागदातून गायब होते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं लिहीत नाहीत, शब्द तोडत नाहीत, त्यामुळे नावं दोन प्रकारे वाचता येतात. दुसऱ्या कागदाशी ताडल्याशिवाय नाव पक्कं धरू नये. सन: शके असेल तर ७८ मिळवा, फसली (महसुली वर्ष) असेल तर ५९०, दोन्हीत जानेवारीपासून ते वर्ष संपेपर्यंत एक जास्त.

सगळ्यात महागाची चूक 'आणे'. वाटणीत आणे म्हणजे रुपयाचा, अर्थात पूर्ण मिळकतीचा सोळावा भाग. 'चार आणे' म्हणजे पाव हिस्सा, '५ आणे ४ पै' म्हणजे एक तृतीयांश. क्षेत्रात आणे म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग. '२ एकर ५ गुंठे ४ आणे' यातले चार आणे म्हणजे जेमतेम २७२ चौरस फूट. एकाच कागदात दोन्ही येतात.

साखळी_३३_फूट

अगदी. जुनी साखळीच ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. आणे तिथून आलेत.

घटप्रभाकाठ

बेळगावात 'निवृत्त न्यायमूर्ती' म्हटलं की पहिलं नाव मेहरचंद महाजन. १९५४ मध्ये सरन्यायाधीश, १९६६ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर एकसदस्य आयोग, १९६७ मध्ये अहवाल, २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकाला. पुस्तिकेत निवृत्तांच्या कामाचा विषय निघाला तर हे टाळणार कसं?

धारवाड_पीठ

टाळू नका, पण एका परिच्छेदात ठेवा आणि ज्या कामासाठी ते उदाहरण उपयोगी आहे त्याच कामाला वापरा. आयोग शिफारस करतो, हुकूमनामा देत नाही. अध्यक्ष सरन्यायाधीश राहिलेला असला तरी त्याच्या अहवालाची अंमलबजावणी बेलिफ करत नाही. म्हणूनच महाराष्ट्राचा २००४ चा मूळ दावा क्रमांक ४ अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात गेला. लोकायुक्त, चौकशी आयोग, लवाद, लोकअदालत, ही चारही कामं निवृत्त न्यायमूर्ती करतात आणि चारहींचं वजन वेगळं. लवादाचा निवाडा हुकूमनाम्यासारखा अमलात येतो, आयोगाचा अहवाल येत नाही. पुस्तिकेत 'अनेक समित्यांवर काम केले' असं एका वाक्यात सगळं कोंबू नका.

संपादक मंडळ

सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे. इथे एवढंच पुरे.

देशपांडे_गल्ली

निवृत्तीनंतरचं काम कसं मांडावं याला गजेंद्रगडकरांचा नमुना बघा. प्र. बा. गजेंद्रगडकर, जन्म सातारा, १६ मार्च १९०१. घराणं गजेंद्रगडचं, आज तो गदग जिल्हा. कॉलेजची पहिली दोन वर्षं धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात, मग पुण्याला डेक्कन. १९२६ पासून मुंबईत वकिली, तीही अपील शाखेतच. १९४५ मध्ये उच्च न्यायालय, १९५७ मध्ये सर्वोच्च, १ फेब्रुवारी १९६४ पासून सरन्यायाधीश, १५ मार्च १९६६ ला निवृत्त. वर म्हटलेला आदला दिवस इथे दिसतो.

निवृत्तीनंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, राष्ट्रीय कामगार आयोगाचे अध्यक्ष, १९७१ ते १९७७ विधी आयोगाचे अध्यक्ष. नुसती यादी केली तर कंटाळवाणी. पण बेंचवर औद्योगिक कायदा कोणी घडवला ते आधी सांगा, मग कामगार आयोग त्यांच्याकडे का गेला ते आपोआप कळतं. कारकिर्दीतून सेवा निघाली पाहिजे. तुमच्या न्यायमूर्तींनी आयुष्यभर वाटणीची आणि भूसंपादनाची अपिलं ऐकली असतील तर रविवारच्या टेबलावर लोक सातबारे, उतारे घेऊन येतात यात योगायोग काही नाही. ती सांधेजोड लिहा.

आणि एक, आरक्षणाची ५० टक्क्यांची रेघ ज्या बालाजी खटल्यात आखली तो गजेंद्रगडकरांचाच निकाल, आणि खटला मैसूर राज्याविरुद्ध. कन्नड मित्रांनाही हे सांगा, पुस्तिका ते वाचणारच.

टिळकवाडी_सायकल

बेळगावच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजचा उल्लेख राहू नये. १९३९ चं कॉलेज. सरन्यायाधीश ई. एस. वेंकटरामय्या तिथे शिकले. तुमचे न्यायमूर्ती तिथलेच असतील तर वर्ष द्या.

निपाणी_पीएलव्ही

टेबलाबद्दल सविस्तर लिहितेय, कारण पुस्तिकेचा उपयोग व्हायचा असेल तर तो याच भागाचा.

आधी ते टेबल काय नाही हे स्पष्ट छापा. ती लोकअदालत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली लोकअदालत फक्त प्राधिकरण किंवा समिती भरवते. तालुक्यात तालुका विधी सेवा समिती, तिचे अध्यक्ष तालुक्यातले सर्वात ज्येष्ठ न्यायाधीश. निवृत्त न्यायमूर्ती लोकअदालतीच्या पॅनेलवर बसू शकतात, पण समितीने बसवल्यावर. वाचनालयाच्या खोलीत दोन भावांनी लिहून दिलेला समझोता हुकूमनामा होत नाही, समोर कोणीही बसलेलं असो.

इथेच सर्वात जास्त बिघडतं. तडजोड होते, सगळे खूश, शंभराच्या बाँडवर वाटणीपत्र, पाच पंचांच्या सह्या, पेढे. मग तलाठ्याकडे वर्दी (हक्क बदलल्याची खबर) द्यायला गेलं की अडतं. नोंदणी नाही, मुद्रांक कमी, एका बहिणीची सही नाही. दोन वर्षांनी तीच बहीण दावा लावते आणि तो कागद पुराव्यात येतच नाही.

बरोबर वाट अशी. टेबलावर बोलणं जुळलं की दोघांनी मिळून तालुका समितीकडे दावापूर्व अर्ज द्यायचा. कलम १९(५) प्रमाणे कोर्टात न आलेलं प्रकरणही लोकअदालतीत घेता येतं. तिथे निवाडा झाला की कलम २१ ने तो दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा, त्यावर अपील नाही. चालू दावा असेल तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपील नाही म्हणजे सही करण्याआधी विचार करा, नंतर फक्त उच्च न्यायालयात रिट, तेही फार थोड्या कारणांसाठी.

निवाड्याच्या मसुद्यात हे तपासायला सांगा: सगळे वारस आलेत का, लग्न झालेल्या मुली धरून, कोणी अज्ञान असेल तर त्याच्या वतीने तडजोडीला कोर्टाची परवानगी घेतलीय का, रि.स.नं. (सर्व्हे नंबर) आणि हिस्सा नंबर उताऱ्याशी जुळतो का. चतुःसीमा आजच्या आहेत की आजोबांच्या खरेदीखतातून उतरवल्यात.

साखळी_३३_फूट

आणि नकाशा! 'प्रत्येकी एक तृतीयांश' एवढंच लिहून लोक मोकळे होतात. कुठला तृतीयांश? विहिरीकडचा की नाल्याकडचा? मोजणी करून ११-ई नकाशा (पोटहिश्श्यांचा मोजणी नकाशा) काढा, तो निवाड्याला जोडा. नाहीतर हुकूमनामा हातात आणि दिवाणी संहितेच्या कलम ५४ खाली डीसींकडे (जिल्हाधिकाऱ्यांकडे) पाठवून पुन्हा मोजणीची वाट बघा.

खराबा वजा करताना बघा. 'अ' खराबा म्हणजे पिकत नाही ती जमीन, पण मालकाचीच. 'ब' खराबा म्हणजे रस्ता, नाला, सार्वजनिक. वाटताना 'ब' सोडायचा, 'अ' सोडायचा नाही. कैक जण दोन्ही सोडतात आणि मग ओढ्याकाठचे सहा गुंठे कोणाचेच राहत नाहीत. आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याचा तक्ता), टिप्पण (मोजणीची मूळ नोंद) आणि आरटीसी (कर्नाटकातला सातबारा) तिन्हीचं क्षेत्र जुळवून मगच आकडा लिहा. आरटीसीत टायपिंगची चूक असतीय, आकारबंदावर विश्वास ठेवा.

निपाणी_पीएलव्ही

धन्यवाद काका. वर्दी तीन महिन्यांत द्यायची हेही त्यातच लिहू. नोंद चुकीची झाली तर कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम १३६(२) खाली प्रांतांकडे अपील, मग १३६(३) खाली डीसींकडे फेरतपासणीचा अर्ज. पण महसुली नोंदीने मालकी ठरत नाही हे लोकांना दहा वेळा सांगावं लागतं.

आता टेबल चालवायची पद्धत. एका सकाळी नऊ माणसं, प्रत्येकी वीस मिनिटं. दहावं घेतलं की सगळ्यांचंच घाईत होतं. आदल्या गुरुवारी स्वयंसेवकाने कागद बघून लावून ठेवायचे, जुना सर्वात वर. मूळ कागद कधीही ठेवून घ्यायचा नाही, झेरॉक्सवरच काम. नोंदवहीत चारच रकाने: तारीख, विषय, कोणत्या कोर्टात आहे, पुढची मुदत. सल्ला नोंदवहीत लिहायचा नाही, तो त्या माणसाचा.

मुदतीचा रकाना का? टेबलावर येणाऱ्यांतले बरेच जण मुदत संपताना येतात. जिल्हा कोर्टात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत. नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात, पण नकलेचा अर्ज मुदतीत केला असेल तरच. निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका, हा एक सल्ला निम्म्या लोकांना पुरतो. दुसरा: अपील दाखल झालं म्हणजे स्थगिती मिळाली असं नाही, ती वेगळी मागावी लागते. तिसरा: आपल्या बाजूने निकाल लागला असेल तर लगेच कॅव्हेट (आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज) टाका, ते ९० दिवस चालतं, मग पुन्हा टाकायचं.

पुढे वकील परवडत नसेल तर तालुका समितीकडे पाठवायचं. बाई असेल तर उत्पन्नाची अट नाही, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले यांनाही नाही. १५१०० हा मोफत मदतीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, मराठीत आणि कन्नडमध्ये.

घटप्रभाकाठ

एवढे मोठे न्यायमूर्ती आहेत तर खालच्या कोर्टात एक फोन केला की काम होईल, अशी अपेक्षा लोक ठेवतातच. पुस्तिकेत त्याबद्दल काय?

धारवाड_पीठ

ठळक अक्षरात छापा की फोन होत नाही, चिठ्ठी दिली जात नाही. अनुच्छेद २२० प्रमाणे कायम न्यायमूर्ती राहिलेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालय आणि इतर उच्च न्यायालयं सोडून कुठेही वकीलपत्र घालता येत नाही. म्हणजे आपले न्यायमूर्ती खानापूर किंवा बेळगावच्या कोर्टात उभे राहू शकत नाहीत, धारवाडलाही नाहीत. फोन करणं तर त्याहून वाईट.

शिवाय एक चाळणी दारातच लावा: हे प्रकरण, किंवा याच कुटुंबाचं दुसरं प्रकरण, त्यांच्यासमोर कधी आलं होतं का? आलं असेल तर कागद उघडायचाच नाही. स्वयंसेवकाने गुरुवारीच केस नंबर विचारून घेतला की रविवारी कोणाला परत पाठवायची वेळ येत नाही.

वाचनालयाची_किल्ली

सर्वांचे आभार. आता ६४ पानं अशी पडतील: कारकीर्द तारखांसह ८ पानं, सहा निकाल ९ पानं, टेबलाची पद्धत १२, आणि कोऱ्या नोंदवहीच्या नमुन्याची ३. अकरा लेखांना मिळून १६ पानं ठेवलीत, उरलेल्यात फोटो आणि जाहिराती. 'निःस्पृह' हा शब्द पूर्ण पुस्तिकेत एकदाच येईल असं ठरलंय, कुणाच्या लेखात ठेवायचा यावर मात्र वाद आहे.

एक शंका: सहापैकी एक निकाल सर्वोच्च न्यायालयाने अंशतः फिरवलाय. न्यायमूर्ती म्हणतात तो घ्याच. समिती म्हणते नको.

तळटीप

घ्या. आणि सहात पहिला घ्या. भूसंपादनाचा आहे का?

वाचनालयाची_किल्ली

हो. दर गुंठ्याला वाढवला होता, वर कमी केला.

साखळी_३३_फूट

मग तिन्ही दर छापा एकाखाली एक: अधिकाऱ्याचा, यांचा, आणि दिल्लीचा. गुंठ्यात. एकरात छापू नका.